हळदीतलं औषध लॅपटॉपवर शोधताना यादीत भेसळीचा रंगही टाका

अण्णांची सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत आहे. लहानपणी शाळेला सुट्टी असली की सौद्याच्या वेळी मी त्यांच्या मागं मागं असायची. जुना खरेदीदार पोत्यात हात घालतो तो पार तळापर्यंत. एक हळकुंड वर काढतो, कटकन मोडतो, आतला रंग बघतो, आणि मगच तोंड उघडतो. पोत्यावर काय लिहिलंय ते कुणी वाचतसुद्धा नाही.

आता मी कॉलेजात एम.एस्सी.च्या पोरांना रसायनशास्त्र शिकवते. दरवर्षी दोन-तीन जण तरी प्रोजेक्टला तोच विषय घेऊन येतात: अमक्या वनस्पतीतल्या घटकांचं विषाणूविरुद्ध डॉकिंग, म्हणजे रेणू विषाणूच्या प्रोटीनवर बसतो का हे कॉम्प्युटरवर बघणं. वीस-पंचवीस रेणू, एक प्रोटीन, एक तक्ता, आणि शेवटच्या पानावर ‘कुर्क्युमिन (हळदीतला पिवळा घटक) हे प्रभावी औषध ठरू शकते’. मधे कुठंही हळकुंड मोडलेलं नसतं. दरवर्षी तेच तोंडी सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढते. काम कसं करायचं तेही, आणि मोडून कुठं कुठं बघायचं तेही.

आधी नेमकं काय करायचंय ते. करोनाचा विषाणू पेशीत शिरला की त्याची बरीचशी प्रोटीनं एका लांबलचक साखळीत जोडलेली तयार होतात. ती तोडल्याशिवाय उपयोगाची नाहीत. उसाची लागण करताना आपण कोयत्यानं दोन डोळ्यांच्या कांड्या पाडतो, तसंच. विषाणूचा कोयता म्हणजे त्याचा मुख्य प्रोटिएज. हा एकटा साखळी ११ ठिकाणी तोडतो. कोयत्याच्या पात्यातच काहीतरी अडकवून ठेवलं तर कांड्या पडणार नाहीत, लागण होणार नाही. हे अडकवायचं ‘काहीतरी’ म्हणजे आपला रेणू, डॉकिंगच्या भाषेत लिगँड. डॉकिंगचा प्रोग्रॅम त्या रेणूला प्रोटीनच्या खाचेत हजारो तऱ्हांनी बसवून बघतो आणि प्रत्येक बैठकीला एक आकडा देतो. आकडा जितका उणे, तितकी बैठक घट्ट असा अंदाज. ‘अंदाज’ हा शब्द इथंच अधोरेखित करून ठेवा.

सामानाची काळजी नको. आठ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप पुरतो. प्रोग्रॅम म्हणून ऑटोडॉक व्हिना घ्या. ओलेग ट्रॉट आणि आर्थर ओल्सन यांनी तो बनवला, २०१० पासून जगभर चालतो आणि फुकट आहे. रेणूंच्या फाईली बदलायला ओपन बॅबेल, चित्र बघायला पायमोल किंवा कायमेरा एक्स. सगळं एका दुपारी बसवून होतं. बसलं नाही, तर मागच्या वर्षीच्या एखाद्या पोराला चहा पाजा.

खरा वेळ द्यायचा तो प्रोटीनची फाईल निवडायला. प्रोटीन डेटा बँकेत करोनाच्या या प्रोटिएजच्या शेकडो रचना पडल्या आहेत. पोरं डोळे झाकून ६एलयू७ उचलतात, कारण ती फेब्रुवारी २०२० मध्ये सगळ्यात आधी आली आणि सगळ्यांच्या पेपरात तीच असते. वाईट नाही ती. पण तिच्या खाचेत बसलेला एन३ नावाचा रेणू प्रोटीनच्या १४५ व्या जागेवरच्या सिस्टीन या अमिनो आम्लाला रासायनिक बंधानं चिकटलेला आहे. गळाला मासा अडकावा तसा. व्हिनाला असा बंध तयार करता येत नाही, त्याला फक्त टेकून बसणं कळतं. मग एन३ पुन्हा बसवून ‘माझी पद्धत बरोबर आहे’ हे सिद्ध कसं करणार? शिवाय तो रेणू इतका लांब आणि लवचिक, की प्रोग्रॅम त्याच्या घड्या मोजतानाच दमतो. मी पोरांना ६डब्ल्यू६३ घ्यायला लावते. त्यात एक्स७७ नावाचा रेणू आहे, बंध न करता नुसता टेकून बसलेला. रचनेचं रिझोल्यूशन २.१ अँगस्ट्रॉम (अणूंच्या पातळीवरचं अंतराचं माप; आकडा जितका लहान, तितकं चित्र बारीक), म्हणजे चित्र पुरेसं स्पष्ट.

फाईल निवडताना मी स्वतः तोंडावर आपटलेय. २०१८ मध्ये डेंगीचा प्रोटिएज घेऊन एक अख्खं सत्र घालवलं. २एफओएम ही फाईल, रिझोल्यूशन दीड अँगस्ट्रॉम, चित्र आरशासारखं लख्ख. सत्र संपता संपता लक्षात आलं, की या प्रोटिएजला काम करायला जो मदतनीस तुकडा येऊन बिलगावा लागतो, त्याचं टोक या रचनेत लांबच राहिलेलं आहे. म्हणजे मी मिटलेल्या मुठीत बसणारी वस्तू उघड्या तळहातावर ठेवून मापत होते. नंतर २०१९ च्या पुरात तळमजल्यावरचा तो कॉम्प्युटरच पाण्यात गेला, आणि खरं सांगायचं तर त्या आकड्यांसाठी मला फारसं रडू आलं नाही. तेव्हापासून दोन गोष्टी पाळते. रिझोल्यूशनच्या आधी बघते की प्रोटीन कामाच्या अवस्थेत आहे का, आणि फाईलींची एक प्रत घरी ठेवते.

करोनाच्या प्रोटिएजचंही असंच एक गुपित आहे. तो जोडीनं काम करतो. एका साखळीचं सुरुवातीचं टोक दुसरीच्या १६६ व्या ग्लुटामेटला टेकतं आणि त्यामुळंच खाच आकारात राहते. फाईलीत एकच साखळी दिसली, तर डेटा बँकेच्या त्याच पानावरून ‘बायोलॉजिकल असेंब्ली’, म्हणजे पूर्ण जोडी, उतरवून घ्या.

मग साफसफाई. पाण्याचे रेणू आणि रचना बघण्यासाठी प्रोटीनचं स्फटिक करताना वापरलेली फालतू रसायनं काढा. एक्स७७ वेगळ्या फाईलीत जपून ठेवा, पुढं लागणार आहे. हायड्रोजन लावा. इथं हिस्टिडीनपाशी थांबा, कारण त्याचा हायड्रोजन कुठल्या नायट्रोजनवर आहे हे प्रोग्रॅम आपल्या मनानं ठरवतो. ४१ आणि १६३ हे दोन हिस्टिडीन खाचेतच आहेत, ते हातानं तपासा. शेवटी फाईल पीडीबीक्यूटी या, व्हिनाला वाचता येणाऱ्या प्रकारात बदला.

आता रेणू. वनस्पतींसाठी चेन्नईच्या गणित विज्ञान संस्थेनं तयार केलेला इम्पॅट हा संग्रह उघडा. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत ४,०१० भारतीय औषधी वनस्पती आणि १७,९६७ घटक आहेत, त्रिमितीय फाईलींसकट. उरलेले पबकेम या रेणूंच्या खुल्या संग्रहावर मिळतात. आपल्या भागातलं घ्यायचं तर तोटा नाही: हळद, अडुळशातलं व्हॅसिसीन, तासगावच्या द्राक्षाच्या सालीतलं रेझव्हेराट्रॉल, कांद्याच्या टरफलातलं क्वेर्सेटिन.

पण फाईल उतरवली आणि लावली, असं करू नका. कुर्क्युमिनचंच घ्या, घरचं उदाहरण आहे. पबकेमवर ते दोन कीटोन असलेल्या रूपात काढलेलं आहे. प्रत्यक्ष द्रावणात ते बहुतेक इनॉल रूपात असतं, म्हणजे एक हायड्रोजन सरकून मधला भाग सपाट आणि ताठ झालेला. दोन्ही रूपांचा आकार वेगळा, वळणाऱ्या बंधांची संख्या वेगळी, साहजिकच आकडाही वेगळा. दोन्ही डॉक करा आणि दोन्ही तक्त्यात लिहा. जो आकडा चांगला तोच ठेवायचा, हा मोह ज्याचा त्यानं आवरावा.

ज्या रेणूंना साखर जोडलेली असते, म्हणजे रुटिनसारखे (क्वेर्सेटिनलाच साखर जोडलेली), त्यांच्यापाशीही थांबा. पोटात गेल्यावर आतड्यातले जीवाणू ती साखर तोडतात, पुढं जातं ते बहुतेक क्वेर्सेटिन आणि त्याचे आणखी बदललेले अवतार. मग रुटिन म्हणून आलेला सुंदर आकडा नेमका कुणाचा? आणखी एक: व्हिना रेणूतल्या कड्या (अणूंची बंद वर्तुळं) वाकवत नाही, जशा दिल्या तशाच धरतो. साखरेची कडी चुकीच्या बाकात दिली, तर ती शेवटपर्यंत चुकीचीच राहणार. ओपन बॅबेलमधून एमएमएफएफ९४ ही रेणूचा आकार सुधारणारी पद्धत लावून रेणू आधी सैल करून घ्या.

ग्रिड बॉक्स म्हणजे प्रोग्रॅमनं कुठं शोधायचं ती पेटी. एक्स७७ चा मध्य काढा, तोच पेटीचा मध्य. प्रत्येक बाजू २२ अँगस्ट्रॉमच्या आसपास पुरे. अख्ख्या प्रोटीनभोवती पेटी टाकून ‘ब्लाइंड डॉकिंग’ केलं असं अभिमानानं सांगणारे भेटतात. पेटीचं घनफळ २७,००० घन अँगस्ट्रॉमच्या वर गेलं की व्हिना स्वतःच कुरकुरतो. खाच माहीत असताना अंधारात चाचपडायचं कारण काय? ‘एक्झॉस्टिव्हनेस’, म्हणजे किती कसून शोधायचं तो आकडा, मुळात ८ असतो, तो ३२ करा. आणि ‘सीड’, म्हणजे शोध जिथून सुरू होतो तो आकडा, बदलून प्रत्येक रेणू निदान तीनदा चालवा. तीन वेळा तीन ठिकाणी बसत असेल, तर त्या रेणूला ती खाच काही विशेष आवडलेली नाही.

लाईट जाते हे धरूनच चाला. ज्या रेणूचा निकाल फोल्डरमध्ये आधीच आहे तो सोडून पुढं जा, अशी एक ओळ स्क्रिप्टमध्ये घाला. हे मला एका विद्यार्थ्यानं शिकवलं, रात्रभर लावलेलं काम पहाटे तीनला पहिल्यापासून सुरू झाल्यावर.

पहिलं हळकुंड इथं मोडायचं. आपल्या एकाही रेणूला हात लावायच्या आधी एक्स७७ परत त्याच खाचेत बसवा. स्फटिकातली त्याची जागा आणि प्रोग्रॅमनं दिलेली जागा यातला फरक, म्हणजे आरएमएसडी, २ अँगस्ट्रॉमच्या आत यायला हवा. यात तीन लबाड्या होतात, बऱ्याचदा न कळत. एक, स्फटिकातून काढलेला रेणू तसाच देणं. त्याचे बंध आधीच बरोबर वळलेले असतात, म्हणजे उत्तर फोडून परीक्षा. सपाट आराखड्यापासून नव्यानं त्रिमितीय करून द्या. दोन, आरएमएसडी काढताना सॉफ्टवेअरला दोन्ही रेणू एकमेकांवर सरकवू देणं. मग रेणू खाचेच्या बाहेर लोंबकळत असला तरी आकडा छान येतो. जागचे हलवायचे नाहीत. तिसरी लबाडी उलट्या दिशेची: एक्स७७ ला एक बेंझिनची कडी आहे. ती अर्धं वळण घेऊन बसली तर काहीच बिघडत नाही, पण अणूंच्या क्रमांकावर जाणारा हिशोब ती चूक धरतो. अशा वेळी सममिती ओळखणारं साधन वापरा आणि चित्रही डोळ्यांनी बघा. एक्स७७ मधल्या पिरिडीन कडीचा नायट्रोजन १६३ व्या हिस्टिडीनकडं तोंड करून आहे का? असेल तर पुढं चला.

दुसरं हळकुंड मला अण्णांमुळं सुचलं. हळदीत मेटॅनिल यलो नावाचा रंग मिसळतात. खाण्यात त्याला परवानगी नाही. हळदीच्या अर्कात हायड्रोक्लोरिक ॲसिड टाकलं आणि गुलाबी रंग येऊन टिकला, की हा रंग आहे असं समजायचं. एका वर्षी मी पोरांच्या यादीत हा रंग मुद्दाम घुसडला. सोबत शेंगतेलातलं ओलिक ॲसिड, साखर, कॅफीन, पॅरासिटामॉल. यांपैकी एकही करोनाचं औषध नाही. संध्याकाळी निकाल उघडून जेवणाच्या टेबलावर बसले होते, तेवढ्यात अण्णा आले. चष्मा सावरून यादी वाचायला लागले.

“हे मेटॅनिल यलो हितं कशाला?”

“मुद्दाम टाकलंय, अण्णा. कॉम्प्युटरला फरक कळतोय का बघायला.”

“मग? कळला?”

“कुर्क्युमिनच्या वर आलंय.”

अण्णा एवढे हसले की आई आतून बाहेर आली. “म्हंजे तुझा हा कॉम्प्युटर सौद्यात बसवला, तर भेसळीचं पोतं पयलं उचलंल.”

उचलेल, खरंच. सपाट, ॲरोमॅटिक (बेंझिनसारख्या) कड्यांचा, जरा लांबट रेणू दिसला की व्हिना खूश होतो. मग तो मसाल्यातला असो की कापडाच्या रंगातला. म्हणून तुमच्या यादीत असे ‘खोटे’ रेणू हवेतच. नीट करायचं तर प्रत्येक खऱ्या रोधकामागं (प्रोटिएजचं काम खरंच थांबवणाऱ्या रेणूमागं) त्याच वजनाचे, तेवढेच हायड्रोजन देणारे-घेणारे, पण रचनेनं वेगळे असे ५० घ्यावेत. डीयूडी-ई नावाच्या प्रसिद्ध संचात हेच प्रमाण आहे. खरे रोधक कोणते घ्यायचे? एक्स७७ आहेच. करोनावरचं जपानी औषध एन्सिट्रेलव्हीर घ्या, तेही बंध न करता बसतं. त्याचा शोधच मुळी कॉम्प्युटरवरच्या चाळणीपासून सुरू झाला, हे निराश झालेल्या पोरांना मी आवर्जून सांगते. खरे वर आणि खोटे खाली असे वेगळे झाले, तरच तुमच्या चाळणीला भोकं बरोबर आहेत. सगळे एकाच भाऊगर्दीत आले, तर वनस्पतींचे आकडे छापायचा हक्क नाही.

आता आकडा वाचायचा कसा. “मॅडम, क्वेर्सेटिन उणे ७.४ आणि कुर्क्युमिन उणे ७.१, म्हणजे क्वेर्सेटिन जिंकलं ना?” नाही जिंकलं. व्हिनाच्या कर्त्यांनी स्वतःच आपली प्रमाण त्रुटी २.८५ किलोकॅलरी प्रति मोल इतकी दिली आहे. साध्या तापमानाला १.३६ किलोकॅलरीचा फरक म्हणजे चिकटण्यात दहापट फरक. म्हणजे ही त्रुटी शंभरपटीच्याही वर जाते. ज्या तराजूचा काटा इतका हलतो त्यावर ०.३ मोजणं म्हणजे ट्रकच्या वजनकाट्यावर सोनं तोलणं.

शिवाय मोठा रेणू जास्त ठिकाणी टेकतो आणि फुकट गुण मिळवतो. समजा रुटिनला उणे ८.८ आला. हायड्रोजन सोडून त्यात ४३ अणू आहेत, भागिले तर ०.२० पडतो. क्वेर्सेटिनचा ७.४ भागिले २२ म्हणजे ०.३४. क्रम उलटा झाला. हा भागाकारही अंतिम सत्य नाही, तो लहान रेणूंना झुकतं माप देतो. पण दोन्ही रकाने शेजारी शेजारी ठेवले की नुसत्या आकाराच्या जोरावर वर आलेले लगेच ओळखू येतात.

यादीतले वरचे दहा चित्रात उघडून एकेक बघा. हे काम कंटाळवाणं आहे आणि हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. रेणू खाचेत आत गेलाय की काठावर पाय सोडून बसलाय? पाण्याला आवडणारा त्याचा भाग तेलकट कोपऱ्यात कोंबलाय का? ४१ चा हिस्टिडीन, १४५ चा सिस्टीन, १६६ चा ग्लुटामेट यांच्याशी त्याचं काही बोलणं आहे का? माझ्याकडं वरच्या दहातले निम्मे तरी इथंच गळतात.

औषधासारखेपणाची चाळणी लवकर उरकते. लिपिन्स्कीचे १९९७ चे नियम: वजन ५०० पर्यंत, लॉगपी (तेलकटपणाचं माप) ५ पर्यंत, हायड्रोजन देणारे ५, घेणारे १०. रुटिन यात तीन ठिकाणी नापास होतं. स्विस ॲडमी या संकेतस्थळावर हे सगळं एका फटक्यात मिळतं. तिथंच ‘पेन्स’ची सूचनाही दिसते, ती मात्र घाईत ओलांडू नका. पेन्स म्हणजे असे रेणू जे प्रयोगशाळेत जवळजवळ कुठल्याही चाचणीत काहीतरी केल्यासारखे दिसतात. कधी प्रोटीनला चिकटून, कधी चाचणीच्या प्रकाशात स्वतःचा रंग मिसळून. कुर्क्युमिन यातलं नामांकित. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्यावर एक मोठा आढावा लिहिला. त्यांचं म्हणणं, इतक्या वर्षांत एकही दुहेरी-अंध, प्लासिबो-नियंत्रित चाचणी कुर्क्युमिनच्या बाजूनं लागलेली नाही. आणि ते टिकतही नाही. शरीराच्या तापमानाला, ७.२ पीएचच्या बफरमध्ये अर्ध्या तासात त्याचा ९० टक्के भाग मोडून जातो. हे मी हळदीच्या अडत्याची पोर म्हणून सांगतेय. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा आमच्या घरी पेढे वाटले होते. भाजीत ती हवीच. औषधाच्या तक्त्यात तिला वशिला नाही.

वनस्पतीतून विषाणूचं औषध निघतच नाही असं मात्र नाही. वाट वाकडी असते, एवढंच. मसाल्यातल्या चक्रीफुलात शिकिमिक ॲसिड असतं. फ्लूवरचं ओसेल्टामिवीर बनवायला तोच कच्चा माल वापरला गेला. शिकिमिक ॲसिड स्वतः फ्लूला काहीही करत नाही. म्हणून चक्रीफुलाचा काढा पिऊन ताप जात नाही.

लेख किंवा पोस्टर करताना झाडाचं नाव मोठ्या अक्षरात टाकण्याआधी एकदा नरक्या आठवा. सह्याद्रीतलं हे झाड. त्यात कर्करोगाच्या औषधांसाठी लागणारं कॅम्प्टोथेसिन आहे हे १९७२ मध्ये कळलं, आणि पुढं जंगलातून त्याची चोरटी तोड झाली. तिथं निदान रेणू खरा होता. आपल्या हातात तर नुसता आकडा आहे.

मॉलिक्युलर डायनॅमिक्स, म्हणजे रेणू खाचेत हलता ठेवून बघणं, करायचं असेल तर उरलेल्या दोन-तीन रेणूंवरच करा, आणि एक्स७७ वरही करा. साध्या लॅपटॉपवर ते जमत नाही, ग्राफिक्स कार्डवाली मशीन गाठावी लागते.

त्यापुढं प्रयोगशाळा. जिवंत करोना विषाणूवर चाचणी जैवसुरक्षा स्तर ३ मध्येच होते. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाहच्या खुणा सापडल्याचं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं (एनआयव्ही) २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्यापासून साताऱ्याकडची पोरं निपाहवर प्रोजेक्ट मागतात. डॉकिंग खुशाल करा, पण त्याचा विषाणू हाताळायला स्तर ४ लागतो. तिथवर पोचायची गरजही नाही. पहिली पायरी नुसत्या प्रोटिएजवरची, विषाणूशिवायची चाचणी. तिथं दोन गोष्टी मागून घ्या. चाचणीत ०.०१ टक्के ट्रायटॉन हा साबण असावा, कारण बरेच वनस्पतिज रेणू पाण्यात गोळे करून प्रोटीनला गुंडाळतात आणि रोधक असल्याचं नाटक करतात. आणि डीटीटी हे रसायन असावं, म्हणजे १४५ च्या सिस्टीनला कसेही चिकटणारे रेणू उघडे पडतात.

गेल्या वर्षीच्या विद्यार्थिनीनं ६२ रेणूंपासून सुरुवात केली होती. शेवटी तीन उरले, तिन्हींची शुद्ध पावडर मागवली. त्यातल्या एका फ्लॅवोनॉइडनं (क्वेर्सेटिनच्या कुळातल्या रेणूनं) पहिल्या फेरीत प्रोटिएजचं काम चांगलंच कमी केलं. पोरगी फोनवर रडायच्या बेतात, आनंदानं. मी म्हटलं, ट्रायटॉन घालून परत कर. दुसऱ्या दिवशी दुपारी व्हॉट्सॲपवर आलेखाचा फोटो आला, सरळ आडवी रेघ. खाली तिनं लिहिलं होतं, “मॅडम, भेसळ निघाली.” तो आलेख प्रोजेक्टच्या ४७ व्या पानावर आहे, आणि शीर्षकातून ‘प्रभावी’ हा शब्द तिनं स्वतःच काढला.